फीत कापू या, बंबाचं बघू नंतर!

एक फेब्रुवारीला ऑफिसच्या कँटीनमध्ये काय सीन असतो, आठवून बघा. टॅक्स स्लॅब बदलला का, मोबाइल महागला का, शेअर बाजार का आपटला... एक कटिंग संपेपर्यंत निम्मं ऑफिस अर्थतज्ज्ञ होऊन जातं. आता खरं सांगा, आपल्या महापालिकेचं बजेट कधी चाळलंय? मिळकतकर भरताना घातलेल्या शिव्या मोजायच्या नाहीत हं. मी बजेटबद्दल विचारतेय. ते जाडजूड पुस्तक.

मी चाळते. फार हौस आहे म्हणून नव्हे, बॉस! फ्रीलान्सर मुलीलाही घरभाडं दर महिन्याला भरावं लागतं. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कुठला ना कुठला संपादक हमखास फोन करतो, 'पालिकेच्या बजेटवर काहीतरी दे ना. एकदम सोप्पं. आकडे कमी टाक.' आकडे कमी टाकून बजेट कसं लिहायचं, हे मास कॉमला कुणी शिकवत नाही. पण चार-पाच वर्षं ही पुस्तकं चाळल्यावर एक गोष्ट आकड्यांशिवायही दिसायला लागलीये. इमारतीला पैसे पटकन मिळतात. बंबाला मिळतात रडतखडत.

आमच्या पुण्याचंच घ्या. २०१७ च्या निवडणुकीत पुणेकरांनी १६२ नगरसेवक निवडून दिले. एवढ्यांना बसायला जुनं सभागृह अपुरं होतं. मग शिवाजीनगरला जुन्या इमारतीशेजारी नवी विस्तारित इमारत उभी राहिली. वर घुमट, खाली नवंकोरं सभागृह. २१ जून २०१८ ला तेव्हाचे उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते थाटात उद्घाटन झालं. बाहेर पाऊस. आणि उद्घाटनाच्याच दिवशी नव्या सभागृहात पाणी गळलं! दुसऱ्या दिवशी पेपरांत भाषणांपेक्षा गळतीचीच बातमी मोठी. मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या कट्ट्यावर आठवडाभर तेच जोक्स.

जोक्स ठीक आहेत, पण पालिकेला नवी इमारत कशाला हवी, असं मी अजिबात म्हणणार नाही. जन्माच्या दाखल्यापासून बांधकामाच्या परवानगीपर्यंत सगळ्यासाठी माणसं तिथे जातात. त्यांना बसायला खुर्ची आणि डोक्यावर न गळणारं छत मिळायलाच हवं. माझा प्रश्न वेगळा आहे. इमारतीसाठी जी घाई होते, ती आग विझवणाऱ्या खात्यासाठी का होत नाही?

'वर्दी' म्हणजे काय रे मामा?

माझा मामा अग्निशमन दलात होता. तांडेल म्हणून रिटायर झाला. तांडेल म्हणजे गाडीवरच्या जवानांचा म्होरक्या. लहानपणी आम्हा भावंडांत मामाचा जाम भाव असायचा. त्याच्याकडूनच कळलं, की आगीची खबर आली की त्याला 'वर्दी' म्हणतात. जेवताना वर्दी आली की ताट तसंच राहायचं. मामी पुढे पुढे ताट वाढायच्या आधीच विचारायची, 'आज ड्यूटी नाही ना?'

परवा बजेटचं पुस्तक घेऊन त्याच्याकडेच गेले. म्हटलं, 'मामा, नवीन गाडी घ्यायची म्हणजे नेमकं किती लागतं?'

'गाडीचं काय विचारतेस? गाडी येते गं,' तो म्हणाला. 'गाडीवर माणूस कोण, ते विचार. एक ड्रायव्हर, एक तांडेल, चार जवान. झाली सहा. तीन पाळ्यांना अठरा. त्यांना साप्ताहिक सुट्टी, आजारपण, लग्नकार्य असतं की नाही? म्हणजे एका गाडीमागे वीस-बावीस माणसं हवीत. ती कुठायत?'

इथेच सगळी मेख आहे. इमारत एकदा बांधली की झाली. कोनशिला बसते, फोटो छापून येतो. बंबाच्या मागे पगार, डिझेल, होजपाइप, ट्रेनिंग असा दर वर्षीचा खर्च लागतो. या खर्चाची फीत कुणी आणि कशी कापणार? पुण्यात अग्निशमन दलातली मंजूर पदं वर्षानुवर्षं मोठ्या संख्येने रिकामी राहिली. अग्निशमन केंद्र बांधून तयार आहे, पण माणसं नाहीत म्हणून सुरू होत नाही, अशाही बातम्या या शहराने वाचल्यात. घ्या! म्हणजे तिथेसुद्धा इमारतच पहिली आली.

आणि शहर काही थांबत नाही. २०१७ मध्ये ११ गावं पालिकेत आली, ३० जून २०२१ ला आणखी २३. पुण्याचं क्षेत्रफळ ५१६ चौरस किलोमीटरच्या घरात गेलं, मुंबईपेक्षाही जास्त. गाव पालिकेत यायला सरकारचा एक कागद पुरतो. बंब तिथे पोचायला केंद्र लागतं, रस्ता लागतो, माणसं लागतात. ९ मे २०१९ च्या पहाटे उरुळी देवाचीत कापडाच्या एका दुकानाला आग लागली. आत झोपलेले पाच कामगार गेले. दाराला बाहेरून कुलूप होतं. हे गाव दोनच वर्षांपूर्वी पालिकेत आलं होतं. त्या कुलपावर बंबाचा इलाज नाही, मान्य. पण दुकानांची तपासणी करायलाही शेवटी याच खात्याची माणसं लागतात.

हे काम कुणाचं?

तर, पालिकेचंच. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात बारावी अनुसूची आली. शहरांच्या कारभाराकडे सोपवायच्या १८ कामांची ती यादी आहे. त्यात सातव्या नंबरवर अग्निशमन सेवा आहे. केंद्रानेही २०२३ मध्ये राज्यांमधल्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटींची योजना आणली. बहुतेक राज्यांनी त्यात २५ टक्के वाटा स्वतःच्या खिशातून घालायचा, अशी अट. म्हणजे पैसा अगदीच नाही, असं रडगाणं गायची सोय नाही.

पण बजेटमध्ये आकडा छापला म्हणून तो खर्च होतोच असं नाही, हे माहितीये का तुम्हाला? पालिकेच्या भाषेत एक गोड शब्द आहे, 'वर्गीकरण'. एका कामासाठी ठेवलेला पैसा वर्षाच्या मध्यात दुसऱ्या कामाकडे वळवायचा, त्याचं हे नाव. आधी स्थायी समिती, मग मुख्य सभा, झालं काम. चौकातल्या सुशोभीकरणाला आवाज देणारे बरेच असतात. होजपाइपला आवाज कोण देणार? मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर तर काही वर्षं प्रशासकानेच बजेट मांडलं आणि प्रशासकानेच मंजूर केलं. भांडायलाही समोर कुणी नाही.

आग मात्र कुणाची इमारत आहे ते बघत नाही. २१ जून २०१२ ला थेट मंत्रालय पेटलं. चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरचे मजले गिळत गेली, पाच माणसं गेली. ज्या इमारतीतून सगळ्या राज्याचे आदेश निघतात, तिची ही गत. मग तुमची-माझी काय कथा?

आमच्या सोसायटीची मुख्य सभा

माझी कथा सांगते. आम्ही तिघी मुली पश्चिम पुण्यात एका टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर भाड्याने राहतो. गेल्या उन्हाळ्यात रात्री दोनला खालच्या मीटर रूममध्ये शॉर्ट सर्किट झालं. लाइट गेले, आणि पाचच मिनिटांत जिन्यातून धूर वर यायला लागला. आमच्यातल्या एकीला दमा आहे. ती खोकता खोकता पांढरीफटक पडली.

मी आधी १०१ फिरवला, मग मामाला. तो झोपेतही तांडेलच! 'लिफ्टला हात लावायचा नाही. जिन्यात धूर आहे ना, मग जिना विसरा. दार बंद कर. खालच्या फटीला ओला टॉवेल लाव. गॅलरीत जाऊन उभ्या राहा आणि टॉर्च दाखवत राहा.' आम्ही तसंच केलं. गॅलरीतून बंब येताना दिसला आणि गेटवर अडलेलाही दिसला. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या. जवान उतरले आणि होज ओढत पळतच आत आले. सोसायटीच्या हायड्रंटला पाणी नव्हतं, पंपच बंद. त्यांनी वीज तोडून, पावडर मारून आग आटोक्यात आणली. वर येऊन दार वाजवलं तेव्हा त्यांच्यातला एक जण घामाने निथळत होता. आमच्या वयाचाच असेल. त्याने पहिलं काय विचारलं असेल? 'ताई, श्वास घ्यायला त्रास होतोय का कुणाला?'

सगळे सुखरूप राहिले. म्हणून पेपरात एक ओळसुद्धा आली नाही.

पुढच्या महिन्यात सोसायटीची मीटिंग झाली. विषय दोन. एक, लॉबीला नवा मार्बल. दोन, हायड्रंटच्या पंपाची दुरुस्ती. लॉबी हात वर करून दहा मिनिटांत मंजूर. पंप? 'पुढच्या मीटिंगला घेऊ.' मी उठून विचारलं, 'आपला फॉर्म बी कुठाय?' त्यावर एक काका म्हणाले, 'तुम्ही भाडेकरू ना?'

काका, धूर भाडेकरार बघून येत नाही हो! महाराष्ट्रात आग प्रतिबंधाचा कायदा २००६ चा आहे. इमारतीतली आगीची यंत्रणा नीट चालू आहे, असं लायसन्सवाल्या एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन खात्याकडे द्यावं लागतं. तोच फॉर्म बी. जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची. मी कायद्याचं ते कलम प्रिंट करून लिफ्टशेजारी चिकटवलं. दोनदा कुणीतरी फाडलं, तिसऱ्यांदा टिकलं. हळूहळू लहान पोरांच्या आया आमच्या बाजूने बोलायला लागल्या आणि दिवाळीच्या आत पंप दुरुस्त झाला. लॉबीचं उद्घाटन मात्र केक कापून झालं. पंपाचं कुणाला कळलंही नाही.

त्या मीटिंगमध्ये बसून मला पालिका समजली. तिथे काही फार बेरकी माणसं बसलेली असतात असं नाही. तिथेही आपल्यासारखीच माणसं असतात, ज्यांना लॉबी रोज दिसते आणि पंप कधीच दिसत नाही.

आता आपलं बघू

२९ डिसेंबर २०१७. मुंबईत कमला मिल कंपाउंडमधल्या गच्चीवरच्या पबला मध्यरात्रीनंतर आग लागली. १४ जणांचा जीव गेला. त्यात बरीचशी तरुण मंडळी होती, सेलिब्रेट करायला बाहेर पडलेली. आपण शुक्रवारी संध्याकाळी जिथे टेबल बुक करतो, तशीच ती जागा होती. आणि आग विझवणाऱ्यांचं काय होतं? ९ मे २०१५ च्या काळबादेवीच्या आगीने मुंबईचे प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला. दर वर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. १९४४ मध्ये त्याच दिवशी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टायकिन' जहाजाचा स्फोट झाला, त्यात ६६ अग्निशामक गेले. आपण दर एप्रिलला श्रद्धांजली वाहतो आणि दर मार्चला त्यांच्या खात्याचं पान न वाचता उलटतो.

मामाला मी विचारलं, 'तुला राग नाही येत?' तो सुपारी कातरत म्हणाला, 'राग कसला? आम्ही वेळेत पोचलो की काहीच घडत नाही. काहीच घडलं नाही, तर लोक पैसे कशाला देतील?'

मला वाटतं, याचं उत्तर आपल्या पिढीने द्यायला हवं. आपणच तर विसाव्या मजल्यावरच्या काचेच्या ऑफिसात बसतो आणि 'स्काय डेक'चं ब्रोशर बघून फ्लॅटचा ईएमआय काढतो. बांधकामाची परवानगी घेताना बिल्डर अग्निशमन शुल्क भरतो, ते शेवटी आपल्याच फ्लॅटच्या किमतीतून वसूल होतं. मग त्या पैशातून माणसं किती भरली, हे विचारायला लाज कसली? पुण्यात तर २००६ पासून नागरिकांनी बजेटसाठी कामं सुचवायची सोय आहे, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. आपण त्यात बाक आणि दिवे मागतो. त्याच कागदावर एक ओळ जादा लिहा, 'आमच्या भागाचं अग्निशमन केंद्र कुठलं आणि तिथे आज रात्रपाळीला किती माणसं आहेत?' मतं मागायला येणाऱ्यालाही हेच विचारा. बघा, चेहरा कसा होतो ते!

आणि हो, उद्या ऑफिसला गेलात की कॉफी मशीनकडे वळण्याआधी एकदा जिन्याचं दार उघडून बघा. आत जुन्या खुर्च्या रचलेल्या असतील, तर एचआरला एक मेल टाका. सब्जेक्ट लाइन मी देते. 'फॉर्म बी, प्लीज.'