परसदारची दुसरी चूल

गेल्या वर्षीं चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां चार महिने अमेरिकेंतील कॅलिफोर्निया राज्यांत, सॅन होझे शहरीं राहून आलों. परत आल्यापासून भेटेल तो गृहस्थ गोल्डन गेटच्या पुलाविषयीं विचारतो. पूल आम्हीं पाहिला. तो तांबडा आहे व त्यावर वारा फार असतो. त्याचें वर्णन आमच्याहून चांगलें करणारे प्रवासी पुष्कळ होऊन गेले आहेत. आमच्या मनांत जें स्थळ घर करून राहिलें तें मात्र प्रवासवर्णनांत सहसा आढळत नाहीं. तें म्हणजे तेथील घरांच्या मागचें परसूं.

सॅन होझे ज्या खोऱ्यांत वसलें आहे तें एके काळीं जर्दाळू व आलुबुखार यांच्या बागांसाठीं प्रसिद्ध होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या बागा झपाट्यानें तुटल्या आणि त्यांच्या जागीं ओळीनें बैठीं घरें उभीं राहिलीं. पुढें हिरवळीचा तुकडा, बाजूस मोटार ठेवण्याची खोली, आणि मागें लांकडी कुंपणानें बंदिस्त केलेलें परसूं. आज संगणकाच्या धंद्यामुळें तेथील जमिनीस असा भाव आला आहे कीं, शाळेंतल्या शिक्षकास किंवा रुग्णालयांतल्या परिचारिकेस त्या गांवांत बिऱ्हाड करणें कठीण झालें आहे. (शिक्षकाचें उदाहरण निघतांच आम्हीं अर्थातच कान टवकारले.) घरें थोडीं, माणसें फार, आणि परसांत नुसतें गवत! तेव्हां राज्यसरकारनें या परसांकडे दृष्टि वळविली.

२०१६ सालीं केलेले व १ जानेवारी २०१७ पासून अंमलांत आलेले कायदे, आणि पुढें १ जानेवारी २०२० पासून लागू झालेले कायदे, यांनीं गृहस्थाला आपल्या घरामागें दुसरें लहान घर उभारण्याचा जवळ जवळ हक्कच दिला. ८०० चौरस फुटांपर्यंत क्षेत्र, १६ फूट उंची, बाजूच्या व मागच्या हद्दीपासून ४ फूट अंतर, एवढें पाळलें व बांधकामाचे नेहमींचे नियम सांभाळले कीं, आकाराच्या सबबीवर नगरपालिकेस नकार देतां येत नाहीं. पूर्ण भरलेल्या अर्जाचा निकाल ६० दिवसांत लावावा लागतो. शेजाऱ्यांची हरकत, सभा, सुनावणी, यांपैकीं कांहीं नाहीं. आपल्याकडे एक खिडकी वाढवावयाची तर किती जोडे झिजतात हें ज्यांस ठाऊक आहे, त्यांना यांतलें नवल निराळें सांगावयास नको.

आमच्या मुक्कामाच्या तिसऱ्या आठवड्यांत शेजारच्या गल्लींत असें एक घर आलें. 'बांधलें' न म्हणतां 'आलें' असें लिहितों तें जाणूनबुजूनच. सकाळींच रस्ता बंद केला होता. एका लांबलचक मालमोटारीवर पांढऱ्या कापडांत गुंडाळलेलें अर्धें घर होतें, आणि उरलेलें अर्धें मागच्या मोटारीवर. एका प्रचंड यारीनें पट्टे लावून पहिला भाग उचलला, पुढच्या घराच्या छपरावरून अलगद नेला, आणि मागें आधींच घालून ठेवलेल्या काँक्रीटच्या पायावर टेकविला. खिडक्यांना कांचा, भिंतींना रंग, न्हाणींत नळ, स्वैंपाकघरांत कपाटें, सर्व कांहीं जागच्या जागीं! दुपारच्या जेवणापर्यंत दोन्ही भाग जुळलेहि. आमचा नातू टाळ्या पिटीत होता. आमच्या सौ. मात्र हळूच म्हणाल्या, "अहो, आणि वास्तुशांत?"

त्याच रात्रीं जेवतांना चिरंजीवांनीं विषय काढला. "बाबा, आपल्याहि परसांत असेंच घर आणूं या. तुम्ही आणि आई आतां इकडेच राहा. तुमचें निराळें राहील, आणि हाक मारली कीं ऐकूं येईल." सूनबाईंनीं चित्रें आधींच जमवून ठेवलीं होतीं.

आम्हीं उत्तर दिलें नाहीं. त्याचें कारण सांगितल्याशिवाय पुढील हकीकत कळावयाची नाहीं. कोंकणांतील आमच्या मूळ घराच्या परसदारीं विहीर होती, न्हाणी होती, गोठा होता, आणि गोठ्याला लागून एक पडवीवजा खोली होती. त्या खोलींत आमच्या वडिलांची एक विधवा चुलती राहत असे. तिला कोणीं उपाशी ठेवलें नाहीं, कोणीं टोंचून बोललें नाहीं. ताट वेळेवर जाई. परंतु ताट जाई. ती पानावर येत नसे. आम्ही सहा-सात वर्षांचे असतां तें ताट पोंचविण्याचें काम आमच्याकडे होतें, आणि ती दर वेळीं विचारी, "आज कोण कोण जेवायला आहे रे?" चिरंजीवांच्या तोंडून 'परसांत' हा शब्द निघतांच आम्हांस तें ताट दिसलें. त्यांना हें कसें सांगावें? त्यांचें सारें लहानपण पुण्याच्या दोन खोल्यांत गेलेलें. परसदार म्हणजे काय हें त्यांनीं पाहिलेंच नव्हतें.

पुढले आठ दिवस नकाशे पाहण्यांत गेले. संगणकाच्या पडद्यावर घर गरगर फिरवून दाखवितात. छप्पर दुपाखी कीं एकपाखी, बाहेरून फळ्या लांकडाच्या कीं सिमेंटच्या, दार कोणत्या अंगाला, खिडक्या किती, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. प्रत्येक निवडीसरशीं कोंपऱ्यांतील किंमत बदलते. आम्हांस वराहमिहिराची आठवण झाली. त्याच्या बृहत्संहितेंतील वास्तुविद्येच्या अध्यायांत चतुःशाल घराचे सर्वतोभद्र, नंद्यावर्त, वर्धमान, स्वस्तिक व रुचक असे प्रकार सांगितले आहेत, ते अलिंद म्हणजे सोपा कसा फिरवावयाचा व दारें कोठें ठेवावयाचीं यांवरून. सांचा एक, फेर सोप्याचा आणि दारांचा. सहाव्या शतकांतील पंडिताची ही यादी व सूनबाईंचा पडदा यांत आम्हांस फारसें अंतर दिसलें नाहीं. तसें आम्हीं बोलूनहि दाखविलें. सूनबाईंनीं सौजन्यानें ऐकून घेतलें.

मग एके शुक्रवारीं चिरंजीवांनीं रजा काढून अशा घरांचा एक कारखाना दाखविला. तेथें कळलें कीं, या निवडीला मर्यादा आहे, आणि ती घातली आहे रस्त्यानें. साडेआठ फुटांहून रुंद ओझें खास परवान्याशिवाय तेथील रस्त्यावरून नेतां येत नाहीं. परवाना काढला तरी वळणें, झाडें, विजेच्या तारा आहेतच. म्हणून हीं घरें आगगाडीच्या डब्यासारखीं लांबट होतात, आणि रुंदी हवी तर दोन डबे शेजारीं शेजारीं जोडावे लागतात. नळ व सांडपाणी शक्य तों एकाच भिंतींत ठेवलेलें असतें; ती भिंत हलविली कीं सगळाच नकाशा नवा. कारखान्यांत मोठाल्या मेजांवर भिंती आडव्या जुळवितात, तारा व नळ्या ओवतात, उष्णता अडविणारा कांचेचा कापूस भरतात, आणि मग भिंत उभी करून पुढल्या ठाण्यावर सरकवितात. भिंतीच्या पोटांतलें काम झांकण्यापूर्वीं तपासलें पाहिजे. तें राज्याच्या नियमांप्रमाणें कारखान्यांतच तपासून घरावर शिक्का बसतो. गांवच्या तपासनिसाला मुख्यतः पाया व जोडण्या पाहावयाच्या राहतात. इकडे भिंती जुळत असतां तिकडे परसांत पाया सुकत असतो, त्यामुळें वेळ वांचतो. पैसा मात्र जाहिरातींत वाटतो तितका वांचत नाहीं. पाया, सांडपाण्याच्या नळीची खोदाई, विजेची जोडणी, यारीचें भाडें, हीं पुष्कळदां किंमतपत्रिकेच्या बाहेर राहतात. आम्हीं कागदावर बेरीज मांडून दाखविली, तेव्हां चिरंजीव कांहीं वेळ गप्प झाले.

आतां चुलीची गोष्ट. आम्हीं सुचविलें कीं, घर आणावयाचेंच तर एक खोली व न्हाणी असावी, स्वैंपाकघर नको. जेवण सर्वांचें मोठ्या घरांत, एका पंगतीला. ताटाचा प्रश्न आमच्यापुरता सुटत होता. परंतु चौकशी करतां कळलें कीं, कायद्याच्या व्याख्येंतच राहणें, निजणें, जेवणें, शिजविणें व शौचस्नान यांची कायमची सोय सांगितली आहे. शिजविण्याची सोय नसेल तर तें घर नव्हे, आणि घराचे हे हक्क त्याला लागू नाहींत. आम्ही थक्क झालों. आपल्याकडे अन्न, देवपूजा व द्रव्य यांचें ऐक्य हीच एकत्र कुटुंबाची खूण. वेगळी चूल मांडली कीं वाटणीची पहिली पायरी आली असें लोक मानतात. ज्यांनीं मिताक्षरेचें नांवहि ऐकलें नाहीं, त्यांनींहि घराची ओळख चुलीवरूनच ठरवावी! त्यांत भर अशी कीं, २०२४ सालीं सॅन होझे शहरानें परसांतलें घर मुख्य घरापासून वेगळें करून विकण्याचीहि मुभा दिली आहे. म्हणजे वाटणी पुरीच.

हें सारें सांगावयास गेलों तेव्हां सौ. परसांत लिंबाच्या झाडाखालीं बसल्या होत्या. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "अहो, पण मला चूल हवी आहे."

आम्ही पाहतच राहिलों.

"तीन महिने मी सूनबाईच्या ओट्यापाशीं पाहुणीसारखी उभी राहतें. हिंगाची डबी कुठें आहे हें विचारावें लागतें. फोडणी दिली कीं छतावरची ती धुराची डबी ओरडते आणि पोर दचकतें. ती बिचारी कांहीं म्हणत नाहीं, म्हणूनच अधिक अवघड होतें. माझी चूल असली तर रविवारीं मी सगळ्यांना जेवायला बोलावीन. आतां मी कोणाला बोलावणार?"

आमच्या वडिलांच्या त्या चुलतीला स्वतःची चूल नव्हती, ही गोष्ट इतक्या वर्षांत आमच्या ध्यानांत आली नव्हती.

निघण्याच्या आधल्या आठवड्यांत सॅन फ्रान्सिस्कोस गेलों. पूल पाहून परततांना प्रेसिडियो नांवाच्या जुन्या लष्करी ठाण्याच्या आवारांत, जुन्या रुग्णालयाच्या इमारतीमागें, हिरव्या रंगाचीं दोन लांकडी खोपटीं पाहिलीं. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपानें व मागून लागलेल्या आगीनें तें शहर बेचिराख झालें, तेव्हां निराश्रितांसाठीं बागांतून व मैदानांतून अशीं ५,६१० घरकुलें ठराविक नमुन्यांवर उभीं केलीं होतीं. भाडें महिना २ डॉलर, आणि तें ५० डॉलर किंमतींत वळतें होई. छावण्या उठल्या त्या वेळीं लोकांनीं तीं घोड्यांच्या गाड्यांवर घालून आपापल्या जागेवर नेलीं. कित्येकांनीं दोन-दोन, तीन-तीन जोडून एकच घर केलें. गाडीवरून घर येणें त्या मुलुखांत नवें नाहीं तर! सीअर्स रोबक कंपनीहि १९०८ पासून १९४० पर्यंत यादीवरून घरें विकीत असे. लांकूडसामान आगगाडीनें येई. सौ. त्या खोपटाभोंवतीं दोनदां फिरल्या. "एवढ्याशा जागेंत अख्खें कुटुंब?" असें म्हणाल्या, आणि आपल्या नकाशांतील खोल्या मनांतल्या मनांत मोजूं लागल्या.

नकाशा ठरला तो असा. दुपाखी छप्पर, दाराला उंबरठा नाहीं, म्हणजे पुढेंमागें चाकांची खुर्ची आली तरी अडूं नये, न्हाणींत धरावयास दांडा, पूर्वेच्या भिंतींत देव्हारा, आणि चुलीवर धूर थेट बाहेर टाकणारा पंखा. स्वैंपाकघराची खिडकी मूळ नकाशांत कुंपणाकडे होती. ती मोठ्या घराच्या मागील दारासमोर यावी असें सौ.नीं सांगितलें. त्यासाठीं नळांची भिंत हलविणें आलें, व किंमत भडकली. शेवटीं सगळा नकाशाच आरशांतल्यासारखा उलटा करून घेतला. त्याचे वेगळे पैसे पडले नाहींत.

कायमचें जावें कीं नाहीं हें आम्हीं अजून ठरविलेलें नाहीं, आणि पुण्याची जागाहि काढलेली नाहीं. गेल्या आठवड्यांत चिरंजीवांचा फोन आला कीं, पायाच्या आंखणींत लिंबाचें झाड येत आहे आणि नातवानें तें तोडूं देणार नाहीं असा हट्ट धरला आहे. घर दोन फूट सरकवावें लागेल, नकाशा पुन्हां दाखल होईल, आणि ते ६० दिवस पुन्हां मोजावे लागतील. सौ.नीं हें ऐकलें, आणि दुसऱ्या दिवशीं तुळशीबागेंत जाऊन एक पितळी मिसळणाचा डबा घेऊन आल्या. तो सध्यां जुन्या लुगड्यांत गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आहे.