वर्दी देणारी डबी

शहरात नोकरीला असलेली आपली मुले सणावाराला मोटार घेऊन गावी येतात. त्यातल्या काही गाड्यांत काचेपाशी एक लहानशी डबी असते. काहींच्या फोनमध्येच ती सोय असते. वेग मोजणारा कॅमेरा जवळ आला, की ती आधीच वाजते. माझा पुतण्या म्हणाला, "काका, हिला कॅमेरा लांबूनच दिसतो." त्याला जे समजावले, तेच इथे सांगतो.

डबीला कॅमेरा दिसत नाही. ई-पीक पाहणीत फोन आपल्या शेताचे ठिकाण ओळखतो, तीच ही विद्या. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून आपली वेळ आणि जागा सतत कळवत असतात. वीज चमकल्यावर गडगडाट किती उशिरा आला, यावरून आपण अंतर ताडतो ना? डबीही संदेश पोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढते. चार उपग्रह सापडले, की गाडीचे ठिकाण काही मीटरच्या फरकाने कळते. वेग आणि दिशाही कळते.

कॅमेऱ्यांची ठिकाणे मात्र कुणीतरी यादी करून आधीच भरलेली असतात. गाडी त्या बाजूला निघाली आणि अंतर ठरावीक आकड्याखाली आले, की डबी वाजते. यादी जुनी असेल, किंवा पोलीस नव्याच जागी कॅमेरा घेऊन उभे असतील, तर डबी गप्प. बोगद्यात तर तिला उपग्रहच सापडत नाहीत.

मला काळजी आहे ती वेगळी. डबी वाजली की पोरे वेग कमी करतात, कॅमेरा मागे पडला की पुन्हा दामटतात. पुढे अंधारात उसाची ट्रॉली उभी असते. तिला मागे दिवा नाही, तांबडा रिफ्लेक्टर नाही. ती कुठल्याच यादीत नाही. ताशी ९० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एवढी वाट सरते. गाडीतला मुलगा आपला आणि ट्रॉलीजवळचा माणूसही आपलाच.

तेव्हा मुलांना रात्री वेग आवरायला सांगा. आणि गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी आपल्या ट्रॉलीला, बैलगाडीला मागच्या बाजूने चमकणारी तांबडी पट्टी लावून घ्या. चिखलाने ती झाकली, तर निघण्याआधी फडक्याने पुसा.