सस्पेन्स खात्यातली खोली

घरात एक खोली जास्त असणं हे बँकेच्या गल्ल्यात संध्याकाळी शंभर रुपये जास्त निघण्यासारखं आहे. बाहेरच्याला वाटतं, चला, फायदा झाला! पण ज्याच्या गल्ल्यात ते निघतात त्याला रात्री झोप लागत नाही. पैसे कमी पडले तर खिशातून भरून मोकळं होता येतं. जास्त निघाले की ते कुणाचे, हा प्रश्न मागे उरतो. अशी रक्कम आम्ही 'सस्पेन्स' खात्यात टाकतो आणि मालक येण्याची वाट पाहतो.

आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये अशी एक खोली होती. दहा बाय अकरा. कागदोपत्री बेडरूम, बोलण्यात 'आईची खोली'. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या खोलीत गणपतीचं मखर, बंद पडलेलं शिलाईचं मशीन, चिरंजीवांची तिसरीपासूनची पुस्तकं, कुणीतरी दिलेले आणि कुणालातरी द्यायचे असलेले चार लेमन सेट, आणि आईच्या हातच्या अकरा गोधड्या असं सगळं जमा होत गेलं. मे महिन्यात आणि दिवाळीत नागपूरहून ताई आली की हे सामान भिंतीकडे सरकायचं आणि मध्ये तिची गादी पडायची. म्हणजे खातं तसं चालू होतं. वर्षाकाठी दोनच नोंदी, पण न चुकता.

''बाबा, ही खोली अनप्रॉडक्टिव्ह अॅसेट आहे,'' एके दिवशी चिरंजीव म्हणाले. मुलाला कॉमर्सला घातल्याचं पहिलं फळ मला मिळालं ते हे. त्यातच आमच्या शाखेतल्या एका साहेबांनी घरी होम थिएटर केलं आणि आम्हाला बोलावून दाखवलं. साहेबाकडे आहे ते आपल्याकडे नसावं हे कारकुनाला मान्य असतं, पण ते आपल्याला परवडू शकतं असा संशय आला की मग तो स्वस्थ बसत नाही.

दुकानातून एक तरुण तज्ज्ञ आला. ''फाइव्ह पॉइंट वन बसवू, साहेब.'' पाच स्पीकर मला समजले. हा पॉइंट वन कोण? तर पॉइंट वन म्हणजे सबवूफर. नुसता खर्जातला आवाज काढणारी पेटी. हिशेबात अपूर्णांक, पण उचलायला दोन माणसं. पडदा शंभर इंची. आता शंभर इंच म्हणजे आडवे शंभर इंच नव्हेत. ते कर्णावर मोजतात. रुंदी भरते सव्वासात फूट. एवढं चित्र पडायला प्रोजेक्टर साधारण अकरा फूट मागे लागतो आणि खोलीच अकरा फूट. तेव्हा यंत्र पार मागच्या भिंतीला टेकून माळ्यावर चढलं. तिथे पूर्वी लोणच्याच्या बरण्या असत. पांढऱ्या भिंतींवरून उजेड उलटून चित्र फिकं पडतं म्हणून भिंती काळ्या केल्या.

''घरात सुतक असल्यासारखं वाटतंय,'' ही म्हणाली.

खर्चाचा विषय निघाला की मी दादासाहेब फाळक्यांचा दाखला देत असे. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फाळके १९१२ साली लंडनला गेले, परत येऊन दादरच्या राहत्या घरात कारखाना मांडला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांना दाखवला. ''म्हणजे आपला सिनेमा मुळातच घरातला!''

''हो ना,'' ही म्हणाली, ''आणि सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या आणि सगळ्या कंपूचा स्वयंपाकही करायच्या. तेवढं मला सांगू नका.''

सगळं बसवून झाल्यावर तज्ज्ञानं खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. टाळी थरथरत परत आली. ''खोली बोलते, साहेब. रिकामी आहे ना! कापड, गाद्या, काहीतरी जाडजूड पाहिजे आवाज पिणारं.'' आणि त्यानं भिंतीला लावायच्या फोमचा भाव सांगितला. बावीस हजार. ज्या खोलीतून मी आठवडाभर घाम गाळून गाद्या-गोधड्या बाहेर काढल्या, त्याच खोलीत त्या नाहीत म्हणून बावीस हजार! फोम मी पुढच्या इन्क्रिमेंटवर ढकलला.

उद्घाटनाच्या खेळाला चार आरामखुर्च्या आणि तीन प्रेक्षक होते. त्यातले चिरंजीव मोबाइलवर दुसरंच काही पाहत होते आणि ही पहिल्या पंधरा मिनिटांत झोपली. मन लावून सिनेमा ऐकला तो फक्त खालच्या मजल्यावरच्या काकांनी. खर्जाला भिंत अडवत नाही. ते वर आले आणि म्हणाले, ''धडधड तेवढी आमच्याकडे पाठवता. दाखवायचंच तर चित्रासकट दाखवा!''

आणि दिवाळीला ताई आली.

तिला आधी कळवलं नव्हतं. फोनवर सांगायचं राहून गेलं. म्हणजे मी राहू दिलं. ती बॅग घेऊन सवयीनं सरळ खोलीकडे गेली आणि दारातच थांबली.

''छान केलंयत हो,'' ती म्हणाली.

ताई मला 'अरे' म्हणते. 'हो' ती लोकांच्या घरी गेल्यावर म्हणते.

''मी हॉलमध्येच पडेन. दोनच रात्री तर आहे.'' दरवर्षी ती आठ दिवस राहते.

रात्री पाणी प्यायला उठलो तर खोलीत दिवा होता. ताई काळ्या भिंतीवरून हात फिरवत होती. ''इथे खुंटी होती ना रे? आईची जपमाळ असायची.''

''रंगाच्या वेळी काढली.''

''हं. आणि गोधड्या?''

गोधड्या बाथरूमच्या माळ्यावर होत्या. बोहारणीनं अकरा गोधड्यांना एक चाळणी देऊ केली होती, हिनं दोन मागितल्या आणि व्यवहार फिसकटला. त्या एका चाळणीनं माझी लाज राखली. हे ताईला अजून ठाऊक नाही. हे पुस्तक तिच्या हाती पडलं तर वाचकांनीच मध्यस्थी करावी.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. दोन आरामखुर्च्या गॅलरीत गेल्या. जमिनीवर आईच्या गोधड्या पसरल्या. कुठली हिरवी पट्टी कुठल्या नऊवारीची हे ताई सगळ्यांना सांगत होती. उरलेल्या गोधड्यांची चळत कोपऱ्यात रचली. खालचे काका-काकू फराळाला आले होते, त्यांनाही बसवलं. शेजारची पोरं आपणहून आली. दहा बाय अकरात चौदा माणसं! आमच्या चाळीतल्या खोलीत रविवारच्या सिनेमाला असायची तशी. तेव्हा टीव्हीला शटरचं दार होतं, चित्र काळंपांढरं होतं आणि अँटेना हलवायचं काम ताईकडे होतं. ती गच्चीवरून ओरडायची, ''आलं का?'' आम्ही खालून ओरडायचो, ''आलं... गेलं!'' अर्धे सिनेमे तिनं गच्चीवरूनच ऐकले.

मी सहज टाळी वाजवून पाहिली. टाळी परत आली नाही. बावीस हजार वाचले.

सिनेमा सुरू झाला आणि चित्र गेलं. प्रोजेक्टरची वायर सैल होती. कुणी काही म्हणायच्या आत ताई स्टुलावर चढली. अंधारातून तिचा आवाज आला, ''आलं का रे?''

''आलं, आलं! आता हलवू नकोस!'' मी ओरडलो आणि आम्ही दोघंही जे हसत सुटलो, ते चौदातल्या बाराजणांना कशाला ते कळलं नाही.

मग मी वायरला पायजम्याची नाडी बांधली आणि ताईला खाली पुढे बसवलं. या वेळी सिनेमा तिनं पाहिला.

ताई आठ दिवस राहिली. सस्पेन्स खात्यातल्या रकमेचा मालक आला की ती त्याची त्याला द्यावी लागते, हा नियम मी बावीस वर्षं गिऱ्हाइकांना समजावतो आहे. ती निघायच्या आदल्या दिवशी मी काळ्या भिंतीवर होती तिथेच खुंटी ठोकली. चिरंजीवांचं म्हणणं, त्यानं पडद्याची डावी कड दोन इंच झाकली जाते.

जाऊ दे दोन इंच. तशीही ती कर्णावर मोजत नाहीत.