तौबा म्हणजे वळणे

मराठीच्या तासाला 'वळणे' या क्रियापदाची वाक्ये करायला सांगितली की मुले थांबत नाहीत. रस्ता वळतो, गुराखी गुरे वळतो, अम्मी लाडू वळते, नानी ईदसाठी शेवया वळते, भीतीने बोबडी वळते. मुलाला वळण लावतात, रुसलेल्याचे मन वळवतात.

उर्दूच्या तासाला मी त्यांना याच अर्थाचा आणखी एक शब्द दाखवते. तो त्यांच्या तोंडी रोज असतो : तौबा. अरबीत त्याचा मूळ अर्थ परत फिरणे, वळणे. बंदा गुनाहकडे पाठ करून अल्लाहकडे वळतो, ती तौबा. याच धातूपासून अल्लाहचे 'अत्तव्वाब' हे नाव आले आहे. बंदा वळला की अल्लाहही रहमतीने त्याच्याकडे वळतो.

मराठीने हा शब्द 'तोबा' म्हणून आपलासा केला. बाजारात 'तोबा गर्दी' होते. डाळीचा भाव ऐकून आपण 'तोबा तोबा' म्हणत कानाला हात लावतो. बोलीत शब्द असा सैल होतोच, त्यात वाईट काही नाही. मात्र नमाजनंतरची तौबाही तितकीच सैल झाली तर?

उलमांनी तौबाच्या अटी सांगितल्या आहेत : गुनाह सोडणे, त्याची लाज वाटणे, पुन्हा न करण्याचा निश्चय. आणि कुणा माणसाचा हक्क मारला असेल तर चौथी अट, तो हक्क परत करणे. पहिल्या तीन मनातल्या मनात होतात. चौथीसाठी उठून कुणाच्या तरी दारी जावे लागते.

आमच्या नात्यातल्या एका बुजुर्गांच्या वडिलांचे शेत होते. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर फक्त भावांची नावे लागली. सूरह निसामध्ये मुलीचा वाटा ठरवून दिला आहे, हे घरात सगळ्यांना पाठ होते. बहिणी कधी बोलल्या नाहीत. माहेर तुटेल ही धास्ती. हजला निघण्याआधी हे बुजुर्ग सगळ्यांकडे माफी मागत फिरले. धाकट्या बहिणीने माफ केले आणि हळूच विचारले, "भाईजान, माफी जबानची की जमिनीचीही?"

ते रागावले नाहीत. तलाठ्याकडे जाऊन त्यांनी बहिणींची नावे लावण्यासाठी अर्ज दिला, मगच हजची बॅग भरली.

आता वर्गात 'वळणे' शिकवताना मी मुलांना एक प्रश्न विचारते : कुठून वळलात आणि कुठे? दोन्ही सांगता आले, तरच वाक्य पूर्ण होते.