जाळावाचून हलगी

हलगी वाजवण्यापूर्वी ती ज्या जाळावर शेकली जाते, त्या जाळाचा वास अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या वरातींतून आणि जत्रांतून ओसरत चालला आहे, आणि त्याची उणीव जुन्या श्रोत्याच्या नाकाला आधी जाणवते, कानाला नंतर. हलगी हे कड्यावर कातडे ताणून केलेले एकतोंडी वाद्य असून ते एका हातातल्या जाड टिपरूने आणि दुसऱ्या हातातल्या बारीक काडीने वाजवतात. कातडे हवेतला ओलावा पिऊन सैल पडते व सूर उतरतो; पाचट किंवा कागद पेटवून त्यावर हलगी फिरवली की ओलावा उडतो, ताण वाढतो आणि आवाज पुन्हा चढतो. वाजवणारा टिचकी मारून पाहतो, मान हलवतो, परत शेकतो, आणि तेवढा वेळ सगळी वरात, नवरदेवाच्या घोड्यासकट, वाटेत उभी राहते. ज्यांचे बालपण या भागात गेले, त्यांच्या मनात वाजण्यापेक्षा हे थांबणेच अधिक घट्ट रुतून बसलेले आढळते.

आता पुष्कळ हलग्यांना जाळ लागत नाही, कारण त्यांचे कडे लोखंडी असते, ते नट-बोल्टांनी आवळता येते, आणि त्यावरचे पान, म्हणजे ज्यावर आघात होतो तो पडदा, कातड्याचे नसून पॉलिएस्टरचे असते, ज्याला वाजवणारे सरसकट ‘फायबर’ म्हणतात. असे पान ड्रमसेटसाठी अमेरिकेत तयार झाले; १९५७ पासून रेमो बेली यांच्या कंपनीने ते जगभर पोहोचवले. ओलाव्याने न उतरणारे हे पान हलगीवर आणि ताशावर आले तेव्हा नुसती सोय झाली नाही, तर आवाजाची जातच बदलली: कातड्याची जाडी कमी-अधिक असल्याने त्याचा नाद लवकर मुरतो आणि त्याला बूड असते, फायबरचा नाद मात्र वर टोकदार होऊन कडकडतो, ज्याला मिरवणुकीतली पोरे कौतुकाने ‘कडक’ म्हणतात.

ड्रमसेट हाच मुळात जमवाजमवीतून उभा राहिलेला संच आहे. त्यातला मोठा बेस ड्रम आणि खाली तारा ताणलेला स्नेअर ड्रम लष्करी बँडमधून आले, टॉम हे उभट ढोल आरंभी चिनी घडणीचे होते, आणि १९०९ साली लुडविग बंधूंनी पायाने चालणारे पेडल बाजारात आणल्यावर ही सारी वाद्ये एकाच माणसाच्या आवाक्यात आली. त्यातली झांज तुर्की परंपरेची असून झिल्डजान घराण्याचा कारखाना १६२३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सुरू झाला. तुर्की फौजेच्या वाद्यवृंदातून झांज आणि मोठा ढोल युरोपच्या पलटणींत गेले, आणि १८०३ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनानी वेलस्लीने नगरचा किल्ला घेतल्यावर पलटणींचे ढोल याही मुलखाचे झाले, एवढा धागा धरता येतो. लग्नाच्या बँडमधला साईड ड्रम त्याच वंशातला.

सेटमधून सुटून आलेला सर्वांत देखणा भाग म्हणजे रोटोटॉम, ज्याला मिरवणुकीतल्या बँजो पार्टीत नुसते ‘रोटो’ म्हणतात. त्याला पिंपासारखे अंगच नसते. चौकटीवर ताणलेले पान फिरवले की सूर वर-खाली होतो. सेटमध्ये तो क्षणभराच्या सजावटीपुरता असे. इथे तो मिरवणुकीच्या गाडीवर मध्यभागी आला आणि त्यावर ढोलकीच्या वळणाचे ठेके वाजू लागले. परक्या वस्तूकडून तिच्या घडवणाऱ्याला न सुचलेले काम करून घेणे ही खरी निर्मिती आहे. ऑक्टोपॅडविषयी मात्र असे म्हणवत नाही. आठ रबरी चौकोनांच्या या विद्युत वाद्यातून हलगीचा साठवलेला आवाज काढला जातो, तेव्हा हलगीही उरत नाही आणि नवे काही जन्मतही नाही.

पण जाळाच्या आठवणीतला गोडवा ऐकणाऱ्याचा आहे. मेलेली जनावरे ओढणे आणि हलगी वाजवणे ही कामे गावगाड्याने मातंग, महार या समाजांवर लादली होती, आणि १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांशी जोडलेली कामे सोडण्याचे आवाहन केले, त्यानंतर अनेक गावांत वाजवणेही सुटले. वरात थांबवून शेकणाऱ्या त्या माणसाला त्याच वरातीच्या पंगतीत जागा नसे. फायबरच्या पानाला ना जनावर लागते ना जात, आणि आज ज्या मुलांच्या हातात हलगी दिसते त्यांच्यापैकी अनेकांनी ती आवडीने उचललेली असते, ही गोष्ट आवाजाच्या कोणत्याही तोट्याहून मोठी आहे.

आवाजाचा प्रश्न त्याने संपत नाही, आणि तो तपासायला याच जिल्ह्यात एक जागा आहे. पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते, भटक्या-विमुक्त जमाती तिथे जमतात, गाढवांचा बाजार भरतो. फाल्गुनातल्या तिथल्या कोरड्या उन्हात कातडे आपोआप तापते, त्यामुळे दुपारी कातड्याच्या आणि फायबरच्या हलग्यांच्या आवाजातले अंतर सर्वांत कमी असणार आणि रात्री गारवा उतरल्यावर ते पुन्हा वाढणार. ध्वनीच्या अभ्यासकाने दोन्ही हलग्या तिथे शेजारी ठेवून, एकाच वाजवणाऱ्याच्या हातून, दुपारी आणि मध्यरात्री ध्वनिमुद्रित करायला हव्यात, आणि तेही शेकायचे किती हे टिचकीवरून ओळखणारे हात अजून वाजवते आहेत तोवर.