कृत्तिकांमधला एकटा ठिपका

एम.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला ॲस्ट्रोफिजिक्सचा इलेक्टिव्ह घेतलाय, आणि सध्या मला दुसरं काही सुचतच नाही. भेटेल त्याला धरून सांगत सुटलेय, तर तुम्हीही ऐका!

पहिल्या प्रॅक्टिकलला दुर्बीण नव्हती. होता लॅबमधला कॉम्प्युटर आणि ‘गाया’चा डेटा. युरोपीय अवकाश संस्थेनं डिसेंबर 2013 मध्ये सोडलेल्या या यानानं 180 कोटींच्या आसपास ताऱ्यांची मोजमापं केली, आणि ती सगळ्यांना फुकट खुली आहेत. हार्वर्डच्या प्राध्यापकांच्या हाती जे आकडे, तेच माझ्याही हाती!

आम्हाला दिल्या होत्या कृत्तिका. नुसत्या डोळ्यांना सहा-सात तारे दिसतात, तो इवलासा झुबका. त्या दिशेचा दोन अंश त्रिज्येचा तुकडा उतरवून घेतला की हजारो तारे पदरात पडतात, पण बहुतेक सगळे उपरे, कुणी अलीकडचे, कुणी फार पलीकडचे. खऱ्या कृत्तिका निवडायच्या तर आधी पॅरॅलॅक्स बघायचा. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती सरकलेला दिसतो, ते माप. इथे ते आर्कसेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम साडेसातपट, म्हणजे अंतर सुमारे 440 प्रकाशवर्षं. आज आपल्या डोळ्यांत शिरणारा हा प्रकाश शिवजन्माच्याही आधी निघालाय! मग प्रत्येक तारा आकाशात कुठल्या दिशेला किती सरकतोय याचा प्लॉट काढला, आणि वारीच्या गर्दीत एखादी दिंडी तिच्या चालीवरून ओळखू यावी तसा बाजूला एक गच्च पुंजका उठून दिसला. त्याच या कृत्तिका. उरलेले सगळे पुसून टाकले.

आता आडव्या अक्षावर रंग, उभ्यावर मॅग्निट्यूडमध्ये तेज. रन केलं आणि पडद्यावर रेषा उमटली! वर डावीकडे निळे झगझगीत तारे, तिथून उतरत उतरत खाली उजवीकडे मंद तांबडे. हर्ट्‌झस्प्रुंग आणि रसेल यांना शंभरएक वर्षांपूर्वी सापडलेली हीच ती रेषा, आणि ती मी स्वतः काढली होती. नीट पाहिलं तर तिच्या किंचित वर, तिला समांतर अशी आणखी एक विरळ रेषा. ते जोडतारे! दोन सारखे तारे इतके जवळ की गायाला एकच ठिपका दिसतो. रंग तोच, प्रकाश मात्र दुप्पट. 2 चा लॉग घ्या, 2.5 नं गुणा, 0.75 येतं. ठिपके बरोबर तेवढेच वर सरकलेले!

आणि खाली डावीकडे, सगळ्यांपासून लांब, एकच ठिपका. “हा कोण, सांगा बघू,” सर म्हणाले.

तो श्वेत बटू. इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, वस्तुमान सूर्याच्या जवळपास आणि आकार पृथ्वीहूनही लहान. पण कृत्तिकांचं वय फक्त बारा कोटी वर्षांच्या आसपास. आपला सूर्य 460 कोटी वर्षांचा होऊनही अजून अर्ध्या वाटेवर आहे. मग हा इतक्यात कसा संपला? कारण जन्मताना तो सूर्याच्या पाच-सहापट जड होता, आणि जड तारे इंधन उधळून टाकतात. बाकीचं वस्तुमान अवकाशात फेकून दिलं म्हणूनच तो श्वेत बटू होऊ शकला, कारण सूर्याच्या सुमारे 1.4 पट ही त्याची कमाल मर्यादा. तिचं गणित एकोणीस वर्षांच्या चंद्रशेखरांनी 1930 मध्ये मुंबईहून इंग्लंडला जाताना बोटीवर केलं. आम्ही ते फळ्यावर केलं तेव्हा लागलं काय, तर आधीच शिकलेलं फर्मी-डिरॅक स्टॅटिस्टिक्स, थोडी रिलेटिव्हिटी आणि हायड्रोस्टॅटिक इक्विलिब्रियम. तीन वेगवेगळ्या पेपरांसाठी घोकलेलं सगळं त्या एका ठिपक्यात! माझं तर ठाम मत झालंय, फिजिक्स करणाऱ्या प्रत्येकानं हा इलेक्टिव्ह घ्यावाच.

आणि त्यासाठी आधी खगोलशास्त्राची वेगळी पदवी लागत नाही. पुण्यात आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्था आपल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी एकत्र शिकवतात, तिथेही फिजिक्सवरून जाता येतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या तीस डिशेस आहेत, त्या तर मला कधी एकदा बघते असं झालंय.

पुढचं प्रॅक्टिकल कर्क राशीतल्या एम 67 चं. तो गुच्छ 400 कोटी वर्षांच्या घरातला, वरचे निळे तारे बहुतेक केव्हाच संपलेले. रेषा कुठे वळते ते शोधायचं आणि त्या वळणावरून गुच्छाचं वय काढायचं. डेटा मी कालच उतरवून घेतलाय.