भोकात गेलेला आकडा

बंदुकीच्या दुकानदारानं रायफलचा बोल्टसुद्धा न उघडता 'मौसर' म्हणून टाकलं, हे मला अजून पचत नाही. वर म्हणाला, "डोळे मिटून चालवा."

पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिलमध्ये माझी बावीस वर्षं टूलरूममध्ये गेली. गावच टूल-डायवाल्यांचं. शेजारचे म्हातारबुवाही त्याच धंद्यातले. ते गेल्यावर त्यांच्या बायकोनं (आमच्या घरी त्यांना सगळे आजीच म्हणतात) एक रायफल माझ्यापुढे ठेवली. लष्करी रायफल घ्यायची, नळी बदलायची, अक्रोडाचा दस्ता बसवायचा, की झाली शिकारीची बंदूक. महायुद्धानंतर इथे हा उद्योग फार चालला. हिच्यावर ना नाव, ना नंबर. नातवाला ती हरणाच्या सीझनला न्यायची होती. मूळ कुठली, एवढंच आजींना हवं होतं.

ती घेऊन आधी बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदाराचं ऐकून घरी आलो, गोळी नाही याची खात्री केली आणि बोल्ट बाहेर काढला. डाव्या बाजूला एक छोटा खटका होता. वर-खाली केला की एका अंगाला 'ऑन', दुसऱ्या अंगाला 'ऑफ' कोरलेलं दिसे. मॅगझिन बंद ठेवून एकेक गोळी हातानं भरायची सोय. हा खटका जर्मन ९८ मौसरला नसतो, अमेरिकन १९०३ स्प्रिंगफील्डला असतो. बाकी चूक होण्यासारखी आहेच. स्प्रिंगफील्ड मौसरवरूनच उचललेली, आणि त्यापोटी अमेरिकन सरकारला मौसर कंपनीला २,००,००० डॉलर मोजावे लागले होते. पण दोनशे रुपयांचं घड्याळ दुरुस्त करणारासुद्धा आधी मागचं झाकण उघडतो हो!

दुर्बिणीचा पुढचा बेस सोडवला. रिसीव्हरचा माथा पॉलिशनं गुळगुळीत केलेला. तिरपा उजेड टाकल्यावर झिजलेल्या अक्षरांतली शेवटची दोन दिसली, 'आर' आणि 'वाय'. म्हणजे स्प्रिंगफील्ड 'आर्मरी'. रॉक आयलंडचा कारखाना 'आर्सेनल', त्याचा शेवट 'एल'नं होतो. त्याखाली पाच आकडे. सहावा, म्हणजे पहिला, नव्हता. कधीकाळी कुणी दुसरा माउंट बसवताना नेमकं त्याच्यावर भोक पाडून आटे काढले होते आणि मग त्यात बिनकामाचा स्क्रू भरला होता.

एक आकडा गेला तर काय बिघडलं, असं आजींच्या नातवानंही विचारलं. स्प्रिंगफील्डचे ८,००,००० च्या खालच्या नंबरांचे रिसीव्हर ठिसूळ निघू शकतात. १९१७ मध्ये काही फुटले, चौकशी झाली. भट्टीवरचे जुने कारागीर तापल्या लोखंडाचा रंग डोळ्यांनी बघून ठरवत. मळभ असलं की रंग नीट कळे. लख्ख ऊन पडलं की तोच रंग फिका वाटे, मग आणखी तापवत. ढगाळ दिवसापेक्षा उन्हातला माल चक्क ३०० अंश फॅरेनहाइटपर्यंत जास्त तापलेला निघाला. पोलाद जळलं. काडतूस फाटून गॅस मागे आला, तर चांगला रिसीव्हर वाकेल, ताणेल. हा काचेसारखा फुटतो. १९१८ मध्ये पद्धत बदलली. म्हणजे हरवलेला आकडा आठ किंवा नऊ असेल तर ठीक. सात किंवा त्याहून लहान असेल तर नाही.

मी आयुष्यभर पायरोमीटरवाला. डोळ्यांवर काम करणाऱ्यांशी भांडलेला. दुकानदाराचा राग आला तोही त्याचमुळे. पण त्या रात्री मला कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आमचे उस्ताद आठवले. डायला पाणी द्यायच्या आधी ते खिडकीला पोतं लावायचे. आम्ही पोरं हसायचो, म्हाताऱ्याला उजेड सोसत नाही म्हणून. त्यांच्या हातचा एकही डाय तडकलेला मला आठवत नाही. स्प्रिंगफील्डच्या त्या भट्टीवर कुणाला एक पोतं सुचू नये?

आजींना सांगितलं, उडवू नका. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षं त्यांनी हिच्यावर हरणं मारली. ते काय नुसतं नशीब होतं?" मला उत्तर देता आलं नाही. अशा कितीतरी रायफली काही न होता चालल्यात, हे मलाही ठाऊक होतं. दुकानदाराचं म्हणणं वापरापुरतं खरंही ठरलं असतं कदाचित. तरी त्याला माफ करायला मी तयार नाही.

नातवानं नवी रायफल घेतली. जुनी आजींच्या तळघरात आहे, बोल्ट माझ्या खणात. मागच्या आठवड्यात तो बिनकामाचा स्क्रू काढून पुन्हा भिंग लावलं. भोकाच्या काठाला केसाएवढं एक वळण दिसतं. सातला वळण नसतं. आठला असतं, नऊला असतं.

पण तीनलाही असतं. आणि सहालाही.